कलकत्तियाधारची ती एक रात्र परत द्या

प्रति,
पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक, कोल्हापूर आणि महाराष्ट्रातल्या इतर गावांतून हिमालयात ट्रेक नेणाऱ्या सर्व संस्था, क्लब आणि आयोजक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या ट्रेकिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पोस्टर येऊन पडलं. मागे स्वर्गारोहिणी शिखराचा फोटो, पुढे हात पसरून उभी असलेली लाल जॅकेटमधली मुलगी आणि वर ठळक अक्षरांत : ‘हर की दून, आता फक्त ५ दिवसांत! रजा वाचवा, हिमालय गाठा.’ हर की दून म्हणजे उत्तराखंडातली, हिमालयातली एक उंच दरी. ग्रुपवर पटापट अंगठे पडले. मी चष्मा लावून रात्री मोजल्या. पहिली सांकरी, दुसरी ओसला, तिसरी हर की दून, चौथी परत ओसला. पाचव्या दिवशी ओसल्याहून चालत तालुका, तिथून जीपने सांकरी आणि लगेच डेहराडूनची गाडी, म्हणजे रात्रीच्या अंधारात आठ-दहा तासांचा पहाडी रस्ता. ओसला आणि हर की दून यांच्या मधला कलकत्तियाधारचा मुक्काम कुठेच नव्हता.

ज्या संस्थेचं हे पोस्टर, तिचं नाव मी घेणार नाही. चौकशी केली तर आणखी तिघांनी हाच कार्यक्रम थोड्याफार फरकाने लावलेला निघाला. म्हणून हे पत्र सगळ्यांना. जे अजूनही नीट वेळ देऊन नेतात त्यांनी ते मनाला लावून घेऊ नये, पण वाचावं जरूर.

मी नाशिकची. वय ५४. सह्याद्रीत तीस-बत्तीस वर्षं फिरते आहे, गिर्यारोहक वगैरे नाही. हर की दूनला पहिल्यांदा गेले १९९७ मध्ये, चौघी मैत्रिणी. हातात एक झेरॉक्स केलेला नकाशा आणि घरच्यांना सांगितलेलं अर्धवट खरं. डेहराडूनहून बसने पुरोला, मग मोरी, मग नैटवाड. नैटवाडला रुपीन आणि सुपीन या दोन नद्या भेटतात आणि पुढे तिलाच टोन्स म्हणतात. तिथून पुढे सगळा प्रवास सुपीनच्या काठाने. सांकरीच्या पुढच्या गावाचं नाव ‘तालुका’ आहे हे कळल्यावर आम्ही खूप हसलो होतो. तहसीलदार कचेरी सोडाच, तिथे तेव्हा चहाच्या दोन टपऱ्या होत्या.

त्या वेळी पावसाने आम्हाला सांकरीत दोन दिवस अडकवलं. आम्ही चरफडलो, रजा वाया चालली म्हणून एकमेकींवर चिडलो, पत्ते खेळलो. ते दोन दिवस आमच्या किती कामी आले हे कळायला मला पुढची कित्येक वर्षं लागली.

ही दरी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण नुसती आकडेमोड करून माझं म्हणणं पोचणार नाही. गोविंद पशू विहार हे अभयारण्य १९५५ सालचं. त्याच्या आत ही गावं आहेत : तालुका, धाटमीर, गंगाड, ओसला. घरं देवदाराच्या लाकडाची आणि दगडाची, खाली गुरं, वर माणसं. धान्याचे कोठार वेगळे, कोरीव दारांचे, मोठ्ठ्या कुलपांचे. आश्विनात गेलात तर उतारावरची शेतं लालभडक दिसतात. आम्हाला वाटलं कसली तरी फुलं असतील. जवळ जाऊन बघतो तर राजगिरा! एकादशीला ज्याचे लाडू आणि चिक्की खाऊन मोठे झालो ते पीक असं डोळे दिपवणारं असतं हे मला तिथे कळलं. एका आजींनी मूठभर दाणे हातावर ठेवले आणि ‘तुम्ही देशात याचं काय करता’ असं विचारलं. त्यांच्या लेखी ‘देश’ म्हणजे खालचा सपाट मुलूख.

ओसल्याच्या वर चढ लागतो. शेतं संपतात, दरी दोन फाट्यांत फुटते. उजवीकडची वाट रुईनसारा तलावाकडे जाते. तिथून पुढे काळानागचा बेसकॅम्प, आणि आणखी वर बाली पास, जो ओलांडला की माणूस यमुनोत्रीच्या बाजूला उतरतो. डावीकडची वाट हर की दूनची. ‘दून’ म्हणजे दरी, डेहराडूनमधलीच दून. ही हराची दरी. ३,५६६ मीटरवरचं ते मोकळं कुरण, मधून वाहणारे नाले, समोर ६,२५२ मीटरची स्वर्गारोहिणी, जिच्यावरून पांडव स्वर्गाला गेले असं तिथे सांगतात, आणि तिच्या पायथ्याला जौंधार हिमनदी. त्याच्याही पलीकडे बोरासू पास, किन्नौरातल्या चितकुलला उतरवणारा. दून स्कूलचे शिक्षक जॅक गिब्सन आपल्या मुलांना आणि मित्रांना घेऊन या भागात येत. १९५० मध्ये त्यांच्या मोहिमेतून तेनसिंग नोर्गे बंदरपुंछच्या शिखरावर पोचले, एव्हरेस्टच्या तीन वर्षं आधी. १९५५ मध्ये याच मंडळींनी ६,३८७ मीटरचा काळानाग सर केला. एवढं सगळं असूनही दरी गप्प राहिली. चारधामचा रस्ता इथून जात नाही, मोठं तीर्थ नाही, आणि चालल्याशिवाय वर काही दिसत नाही. निदान परवापर्यंत तरी असंच होतं.

आता मूळ तक्रारीकडे.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी तिसऱ्यांदा गेले, या वेळी महाराष्ट्रातल्याच एका संस्थेबरोबर. बरोबर माझा भाचा, वय २६, आयटीत नोकरी, मॅरेथॉन धावणारा. बॅच ३८ जणांची. लीडर दोन, त्यातला एक चोवीस वर्षांचा, या वाटेवर दुसऱ्यांदाच आलेला. कार्यक्रमात कलकत्तियाधारचा मुक्काम छापलेला होता. ओसल्याच्या वर, साधारण तीन हजार मीटरच्या आसपास, एका धारेवरची ही कुरणाची जागा. तिथे पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. जागेवर आधीच दुसऱ्या एका बॅचचे तंबू. लीडर म्हणाला, ‘सगळे स्ट्राँग आहात, आज डायरेक्ट वर जाऊ, एक दिवस वाचेल.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही गप्प बसले, याची मला आजही लाज वाटते.

संध्याकाळी वर पोचल्यावर भाच्याचं डोकं ठणकायला लागलं. जेवला नाही. आठ वाजता उलटी. लीडरने ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओआरएस दिलं. रक्तातला प्राणवायू मोजायचा पल्स ऑक्सिमीटर काढला तर त्याचे सेल संपलेले. माझ्या टॉर्चचे सेल काढून घालायला गेलो तर मापात बसेनात. साडेनऊला भाचा तंबूतून बाहेर आला आणि दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात चालला. तो दारू पीत नाही.

आमच्याबरोबर गंगाडचा एक स्थानिक गाइड होता. सगळे त्याला भैजी म्हणत. दिवसभर त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, कारण ‘लीडर’ तो नव्हता. त्याने भाच्याला उभं केलं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चार पावलं टाकायला सांगितलं. भाच्याला दोनही टाकता आली नाहीत. भैजीने कोणाची परवानगी घेतली नाही. ‘अभी नीचे,’ एवढंच म्हणाला. दोन पोर्टरना उठवलं, एकाने पुढून, एकाने मागून भाच्याला धरलं, आणि आम्ही रात्री दहाला निघालो. मला ती वाट जन्मभर आठवेल. पाण्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा, टॉर्च सगळ्यांत मिळून दोन, आणि पुढच्या पोर्टरच्या पायात ओले कापडी बूट. मोजे नव्हते.

कलकत्तियाधारच्या कुरणाशी आलो तेव्हा भाच्याची पावलं सरळ पडायला लागली होती. ज्या जागी आम्ही आदल्या दुपारी थांबायचं होतं, तिथेच. पहाटे ओसल्यात पोचल्यावर त्याने चहा मागितला आणि मी रडले. नंतर नाशिकच्या डॉक्टरांनी लक्षणं ऐकून सांगितलं, मेंदूला सूज यायला सुरुवात झाली असावी. आणखी चार-सहा तास वर राहिला असता तर काय झालं असतं ते विचारू नका.

आम्ही परतल्यावर संस्थेला सविस्तर लिहिलं. उत्तर आलं की ‘हाय अल्टिट्यूडवर प्रत्येकाचं शरीर वेगळं रिअॅक्ट होतं’ आणि पुढच्या ट्रेकवर दहा टक्के सूट. तेव्हा निदान छापलेल्या कार्यक्रमात ती रात्र होती, लीडरने ती वाटेत खाल्ली. आता ती छापतानाच खाल्ली जाते आहे. हे पत्र लिहायला बसले ते एवढ्यासाठी.

त्या चोवीस वर्षांच्या पोरावर माझा राग नाही. तो त्या रात्री आमच्याइतकाच घाबरला होता. राग आहे त्याला ३८ माणसं देऊन, सेल संपलेलं यंत्र देऊन पाठवणाऱ्यांवर.

पहिली तक्रार अर्थातच त्या रात्रीची. आपण सह्याद्रीतली माणसं. आपलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. सांकरी गाव, जिथे अजून बुटांच्या नाड्याही बांधलेल्या नसतात, ते सुमारे १,९५० मीटरवर आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षा उंच जागी तुमचा ट्रेक सुरू होतो. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या आसपास उरतो, प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी. हरिहर, अलंग-मदन-कुलंग, सगळं पालथं घातलेलं असलं तरी रक्ताला याची सवय झालेली नसते. ती फक्त वेळाने होते. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा डोंगरातल्या डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला तुमच्याच वेबसाइटवर ‘सेफ्टी’ या पानावर आहे. त्याच वेबसाइटवर दुसऱ्या पानावर ओसला ते हर की दून, एका दिवसात हजार मीटर. दोन्ही पानं एकाच माणसाने कधी वाचली नाहीत का?

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे : ‘काकू, पूर्वी लोक ओसल्याजवळच्या सीमा या मुक्कामाहून थेट वर जायचेच की.’ जायचे. १९९७ ला आम्हीही तशाच गेलो. पण त्याआधी सांकरीत दोन दिवस बसलो होतो, वर दोन रात्री राहिलो, परतीचं तिकीट डेहराडूनला पोचल्यावर काढणार होतो, आणि चौघींतली एक जरी म्हणाली असती की डोकं दुखतंय, तर चौघी खाली आलो असतो. तुमच्या ३८ जणांचं परतीचं तिकीट तीन महिने आधी काढलेलं असतं. डोकं दुखणारा माणूस तिकीट आठवतो आणि गप्प बसतो.

याच कारणासाठी राखीव दिवस लागतो. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातच सहस्रतालच्या वाटेवर बर्फाच्या वादळात सापडलेल्या २२ जणांच्या गटातले ९ जण गेले. आपण सगळ्यांनी तेव्हा हळहळून स्टेटस ठेवले. पाच दिवसांच्या कार्यक्रमात हवामान बिघडलं तर थांबायला कोणता दिवस आहे ते मला पोस्टरवर बोट ठेवून दाखवा.

दुसरी गोष्ट, औषधांची. जेवणाच्या वेळी डायमॉक्सच्या, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या, गोळ्या आमच्यात प्रसादासारख्या वाटल्या गेल्या. सल्फाची अॅलर्जी आहे का, एवढंही कोणी विचारलं नाही. तो प्रश्न घरी, आपल्या डॉक्टरपुढे, निघायच्या आधी व्हायला हवा. डायमॉक्स घेतली म्हणजे मुक्काम गाळायचा परवाना मिळाला, असं तर मुळीच नाही. ओसल्याच्या वर आम्हाला कुणाच्याही फोनला रेंज मिळाली नाही. सॅटेलाइट फोन आपल्या देशात परवानगीशिवाय वापरता येत नाही. मोठं हॉस्पिटल म्हणजे डेहराडून. अशा जागी खाली उतरणं हाच उपचार, आणि तो ओळखणारा माणूस प्रत्येक बॅचमध्ये हवा. उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ पासून हेच शिकवते आहे. महाराष्ट्रातून दर वर्षी मुलं तिथे बेसिक, अॅडव्हान्स करून येतात. तुमच्या लीडरपैकी कितीजणांनी केलं आहे, हे पोस्टरवर छापायला जागा नाही आणि ‘फ्री टी-शर्ट’ छापायला आहे.

महाराष्ट्र शासनाचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. नोंदणी आली, सुरक्षेचे निकष आले. चांगलं झालं. पण आपल्या आयोजकाने आपल्याच माणसांना घेऊन राज्याची हद्द ओलांडली की ते निकष सामानाबरोबर घरीच राहतात. कायद्याचा कीस मला पाडायचा नाही. राजमाचीला जाताना तुम्ही पाळता ते नियम हर की दूनला जाताना का सोडता, एवढंच विचारते.

तिसरी तक्रार पोर्टर आणि खच्चरवाल्यांची, आणि ही मला सगळ्यात जास्त खुपते. ओल्या कापडी बुटांचा तो माणूस भाच्याला घेऊन रात्रभर चालला. सकाळी लीडर मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘मॅडम, हवं तर त्यांना टिप द्या.’ टिप! मी त्या पोर्टरला विचारलं, तुझा विमा आहे का. त्याने आधी शब्द समजून घेतला आणि मग हसला. त्यांची झोपायची सोय किचन टेंटमध्ये, स्टोव्हच्या शेजारी. आमच्याकडून प्रत्येक सॅकच्या ऑफलोडिंगचे, म्हणजे ती दुसऱ्याने वाहून नेण्याचे, दिवसाला जे पैसे घेतले, त्यातले त्याला किती मिळाले ते मी विचारलं, त्याने सांगितलं, आणि तो आकडा मी इथे लिहीत नाही कारण पुढच्या हंगामात त्याला काम मिळायला हवं. ज्या भैजीने माझ्या भाच्याचा जीव वाचवला त्याचं नाव संस्थेच्या त्या ट्रेकच्या फेसबुक अल्बममध्ये कुठेही नाही. ड्रोन उडवणाऱ्याचं आहे.

चौथी, वाटांच्या वर्णनाची. त्याच पोस्टरच्या दुसऱ्या पानावर बाली पास ‘मॉडरेट’ म्हणून विकायला ठेवला होता आणि खाली ‘बिगिनर्सही येऊ शकतात’. सुमारे ४,९५० मीटरची खिंड, माथ्यापर्यंत उभा चढ, पलीकडे त्याहून खडा उतार, बर्फ असेल तर दोर. कोकणकड्याच्या नळीच्या वाटेला तुम्ही स्वतः ‘डिफिकल्ट’ लिहिता, जिथून संध्याकाळी गावात पोचता येतं. मग इथे ‘मॉडरेट’ कोणाच्या मानाने? काळानागसाठी भारतीय गिर्यारोहण महासंघाची परवानगी लागते म्हणून तिथे तरी चाळणी लागते. खिंडींना ती नाही, म्हणून जबाबदारी तुमच्यावर जास्त येते.

पाचवी, कुरणांची. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २१ ऑगस्ट २०१८ रोजी बुग्याळात, म्हणजे हिमालयातल्या उंच कुरणांत, रात्रीचा मुक्काम बंद केला आणि तिथे जाणाऱ्यांच्या संख्येला २०० ची मर्यादा घातली. त्यानंतर तंबू कुरणाच्या कडेला, झाडीत सरकले, काही ठिकाणी मुळीच सरकले नाहीत. निकालावर स्थानिक लोकांचेही आक्षेप आहेत, रोजगार गेला म्हणून, आणि ते मला पटतातही. पण पटो न पटो, निकाल कशामुळे आला ते आपण पाहिलेलं आहे : टॉयलेट टेंटचे उथळ खड्डे, नाल्यापासून वीस पावलांवर, त्यात वेट वाइप्स. खच्चरांच्या टापांनी गवत उखडून झालेला चिखल. मॅगीची आणि चिक्कीची पाकिटं, त्यावर मराठी अक्षरं. हो, मी वाचली. रात्री ब्लूटूथ स्पीकरवर ‘झिंगाट’ आणि मग ‘जय भवानी, जय शिवाजी’च्या घोषणा. घोषणेचा मला अभिमान आहे, पण रात्री नऊ वाजता अभयारण्यात ती कोणाला ऐकवायची होती?

आणि ओसल्याचं देऊळ. प्रत्येक लीडर बॅचला तिथे थांबवून ‘हे बघा, दुर्योधनाचं मंदिर’ म्हणून सांगतो आणि महाभारतावरचे विनोद होतात. गावातले लोक त्या देवाला सोमेश्वर म्हणतात. समोर उभ्या असलेल्या पुजाऱ्याला एकदा विचारलं असतं तर पुरलं असतं.

आता थोडं आपल्या, म्हणजे ट्रेकर मंडळींविषयी, कारण सगळं आयोजकांवर ढकलून मोकळं होणं बरं नाही. मेडिकल फॉर्मवर बीपी लपवतो आपण. ‘सात दिवस? नको, रजा नाही’ म्हणत पाच दिवसांच्या पोस्टरवर अंगठा टाकतो आपण. दोन हजार रुपये स्वस्त म्हणून तिकडे जातो आपण. ज्या दुपारी लीडरने ‘डायरेक्ट वर’ म्हटलं तेव्हा टाळ्या आपणच वाजवल्या. तुम्ही म्हणाल, लोक मागतात ते आम्ही देतो. पण मग लीडर कशाला हवा, ट्रॅव्हल एजंट पुरेसा आहे. आपल्याकडे युथ हॉस्टेलच्या सारपास या हिमाचलातल्या ट्रेकला बेसकॅम्पवर दोन दिवस नुसतं वर-खाली चालवून घेतात म्हणून कुरकुर करत आपली एक अख्खी पिढी हिमालयात चालायला शिकली. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची मुलं पोचली. त्यांतल्या कोणीही दिवस वाचवून शिखर गाठलेलं नाही. बेसकॅम्पवर आठवडेच्या आठवडे काढले आहेत.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

१. हर की दूनच्या कार्यक्रमात ओसला आणि हर की दून यांच्यामधला मुक्काम परत घाला, आणि हवामानासाठी एक राखीव दिवस ठेवा. छापलेला मुक्काम वाटेत गाळायचा अधिकार लीडरला देऊ नका. खाली उतरवायचा अधिकार मात्र स्थानिक गाइडलाही द्या.

२. एका बॅचमध्ये १५ हून जास्त माणसं नकोत. लीडरचं गिर्यारोहणाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण पोस्टरवर लिहा. नसेल तर तसं लिहा.

३. प्रत्येक पोर्टर, खच्चरवाला आणि स्वयंपाकी यांचा विमा, बूट, जाकीट, झोपायला वेगळा तंबू. ऑफलोडिंगच्या पैशांतले किती त्यांना मिळतात ते पावतीवर छापा.

४. आजारी पडून मागे फिरणाऱ्याला त्याच्या उरलेल्या दिवसांचे पैसे परत करा. डोकं दुखतंय हे सांगायची भीती त्याने कमी होईल.

५. बाली पास, बोरासू यांसारख्या खिंडींसाठी आधीचा उंचीचा अनुभव अनिवार्य करा आणि ‘बिगिनर्स’ हा शब्द तिथून काढा.

६. कचरा डेहराडूनपर्यंत परत आणा. स्पीकर घरी ठेवा.

७. दोन वर्षांपूर्वीच्या माझ्या तक्रारीला ज्यांनी सूट देऊ केली, त्यांनी ती सूट त्या दोन पोर्टरना द्यावी. पत्ता माझ्याकडे आहे.

यातल्या एकाही गोष्टीने तुमचा धंदा बुडणार नाही. माणशी दीड-दोन हजार वाढतील. ते वाढवा आणि का वाढवले ते सांगा, मी माझ्या ग्रुपवर स्वतः पटवून देईन.

पुढच्या आश्विनात मी पुन्हा जाणार आहे. राजगिरा लाल झाला की. ज्या कोणाच्या कार्यक्रमात कलकत्तियाधारची रात्र छापलेली दिसेल, त्यांच्याकडे मी दोन नावं नोंदवीन. दुसरं भाच्याचं. तो अजून दर रविवारी धावतो, आणि या खेपेला सांकरीत दोन दिवस पत्ते खेळायला तयार आहे.

कळावे,
आपली,
नाशिकची एक जुनी ट्रेकर